गाडीचं मायलेज अचानक पडलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायलेज हळूहळू कमी होणं वेगळं आणि एकाएकी पडणं वेगळं. गाडी जुनी होते तसतसं थोडं थोडं कमी होत जातं आणि त्यामागे एकच एक कारण सापडत नाही. पण परवापर्यंत लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी १२ वर आली असेल, तर मधल्या काळात काहीतरी बदललंय हे नक्की. तो बदल गाडीत असेल, इंधनात असेल, रस्त्यात असेल किंवा चालवण्यात असेल. तो हाती लागण्याआधी सुटे भाग बदलायला घेऊ नका, ही विनंती खालच्या बऱ्याच उत्तरांमध्ये पुन्हा येईल.

मायलेज खरंच पडलंय की नुसतं वाटतंय, हे कसं ओळखायचं?

टाकी फुल्ल करून मोजा. नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, गाडी नेहमीसारखी चालवा आणि पुन्हा तशीच फुल्ल करा. झालेल्या किलोमीटरला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागा. अर्ध्या टाकीवर, काट्यावर किंवा रिझर्व्हच्या दिव्यावर केलेला हिशोब धरू नका.

फुल्ल टाकीचा हिशोबसुद्धा एका वेळेला फसवतो. समजा ४०० किलोमीटरला खरं तर २५ लिटर लागले, म्हणजे मायलेज १६. नोझल २ लिटर आधीच बंद झालं तर हिशोबात २३ लिटर येतात आणि मायलेज १७.४ दिसतं. पुढच्या वेळी टाकी काठोकाठ भरली गेली की ते राहिलेले २ लिटर तिच्या माथी येतात, २७ लिटर दिसतात आणि मायलेज १४.८ वर येतं. गाडीला काहीही झालेलं नसताना १७.४ वरून १४.८! म्हणून लागोपाठच्या तीन टाक्यांचे किलोमीटर एकत्र मिळवा, लिटर एकत्र मिळवा आणि मग भागा. शक्य असेल तर पंप आणि नोझलही तेच ठेवा.

डॅशबोर्डवर दिसणाऱ्या आकड्यावर विश्वास ठेवायचा का?

तुलनेसाठी ठेवा. इंजेक्टर (इंजिनात इंधन फवारणारे भाग) किती वेळ उघडे ठेवले यावरून गाडीचा कॉम्प्युटर इंधनाचा अंदाज बांधतो आणि तो अंदाज बहुतेक वेळा थोडा उदार असतो. पण दोन्ही आकडे शेजारी ठेवले की त्यातून मोठी माहिती मिळते. डॅशबोर्डचा आकडा आणि टाकीचा हिशोब दोन्ही सारख्याच प्रमाणात खाली आले असतील, तर इंजिन खरोखर जास्त इंधन मागतंय. डॅशबोर्ड पूर्वीइतकाच दाखवतोय आणि टाकी मात्र लवकर रिकामी होतेय, असं असेल तर इंधन कॉम्प्युटरच्या हिशोबाबाहेर कुठेतरी जातंय. पाइपातून गळत असेल किंवा इंजेक्टर पूर्ण मिटत नसेल. हा फरक लक्षात आला तर आधी इंधनाच्या वासाचा प्रश्न वाचा.

गाडीत काहीच बिघाड नसताना मायलेज पडू शकतं का?

पडू शकतं, आणि बऱ्याचदा तसंच असतं. गेल्या दोन-तीन आठवड्यांत काय बदललं ते आठवून कागदावर लिहा. ऑफिसचा रस्ता बदलला का? मुलांना सोडण्याच्या छोट्या फेऱ्या सुरू झाल्या का? थंडी पडली का? छतावर कॅरिअर चढवलाय का? दुसरं कोणी गाडी चालवतंय का?

छोट्या फेऱ्यांचा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा फार मोठा असतो. थंड इंजिनाला जास्त इंधन लागतं, ऑइल घट्ट असतं, आणि इंजिन तापेपर्यंत फेरी संपलेली असते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आकडेवारीनुसार पेट्रोल गाडीचं शहरातलं मायलेज उणे ७ अंश सेल्सियसला २५ अंशांच्या तुलनेत साधारण १५ टक्क्यांनी कमी असतं. पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्या असतील तर ही घट २४ टक्क्यांपर्यंत जाते. कडक उन्हात छोट्या अंतरासाठी एसी फुल्ल लावला तर २५ टक्क्यांहूनही जास्त घट होऊ शकते, कारण तापलेली गाडी गार करायलाच एसीला सगळ्यात जास्त ताकद लागते.

छतावरची मोठी पेटी ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगात १० ते २५ टक्के मायलेज खाते. सहलीहून आल्यावर ती उतरवायची राहून गेली असेल तर आज उतरवा. वेगाचंही तसंच. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० वरून ११० वर गेलात की तो जवळजवळ दुप्पट होतो. डिकीतल्या सामानाला मात्र लोक उगाच फार दोष देतात. ४५ किलो वजनामागे फरक साधारण १ टक्क्याचा पडतो.

पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळे फरक पडतो का?

पडतो. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या मानाने १० टक्के मिश्रणाला सुमारे ३ टक्के आणि २० टक्के मिश्रणाला ६ ते ७ टक्के घट येणं हे निव्वळ गणित आहे. इंजिन त्या मिश्रणासाठी बनवलेलं असेल तर यातलं थोडं भरून निघतं. पण २५ टक्क्यांची घट इथेनॉलच्या नावावर टाकून मोकळं होऊ नका. त्यामागे दुसरं काहीतरी आहे.

किती पडलं यावरून कारण ओळखता येतं का?

पक्कं ओळखता येत नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. दोन-चार टक्के म्हणजे टायरची हवा, नवे टायर, ऑइलचा ग्रेड किंवा चक्क मोजण्यातली चूक. पाच ते दहा टक्क्यांत हवामान, एसी, इथेनॉल, चाकांचं अलाइनमेंट हे सगळे येतात. वीस टक्के किंवा त्याहून जास्त घट आली आणि वापर बदललेला नाही, तर चिकटलेला ब्रेक, अडकलेला थर्मोस्टॅट (इंजिनाचं तापमान राखणारी झडप), मिसफायर (सिलिंडरमधलं इंधन नीट न पेटणं), इंधनाची गळती, क्लच किंवा चुकीचं सांगणारा सेन्सर यांच्यापैकी कोणीतरी आहे. अशा वेळी टायरमध्ये हवा भरून समाधान मानलं तर खरा बिघाड तसाच वाढत राहतो.

टायरच्या हवेने किती फरक पडतो?

चारही टायरमध्ये १ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) कमी झाला की मायलेज साधारण ०.२ टक्क्यांनी घसरतं. म्हणजे ३५ च्या जागी २८ असेल तर दीड टक्क्याच्या आसपास. फरक छोटा असला तरी हवा तपासाच, कारण कमी हवेचा टायर तापतो, कडेने झिजतो आणि वेगात फुटू शकतो. तापमान ५ ते ६ अंशांनी उतरलं की दाब सुमारे १ पीएसआय कमी होतो, म्हणून थंडी सुरू झाली की पुन्हा बघावं लागतं. तपासणी टायर गार असताना करा. योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरू नका.

नवे टायर टाकल्यापासूनच मायलेज कमी झालं. टायर खराब निघाले का?

बहुधा नाही. नव्या टायरची नक्षी खोल असते. ती रस्त्यावर दबते, वाकते आणि त्यात ऊर्जा जाते. झिजलेला टायर त्या मानाने हलका फिरतो. हजारो किलोमीटर झाल्यावर फरक कमी होतो. टायर मोठ्या मापाचे घेतले असतील तर आणखी एक गोष्ट घडते. चाकाचा घेर ३ टक्क्यांनी वाढला की ओडोमीटर ३ टक्के किलोमीटर कमी मोजतो. गाडी तेवढीच धावते, पण तुमच्या हिशोबात अंतर कमी येतं आणि मायलेज पडल्यासारखं दिसतं.

ब्रेक चिकटलाय हे घरी कसं कळेल?

ही तपासणी प्रत्येकाने करावी असं मला मनापासून वाटतं. तिला काही खर्च नाही आणि प्रश्न जिवाचा आहे.

मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवा. शेवटी ब्रेक कमीत कमी वापरत वेग उतरू द्या आणि थांबा. आता चारही चाकांच्या रिमजवळ तळहाताची मागची बाजू न्या. रिमला हात लावू नका, डिस्कला तर मुळीच नाही. पुढची दोन चाकं एकमेकांशी आणि मागची दोन एकमेकांशी ताडून बघा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणं साहजिक आहे. डावं-उजवं यांत मोठा फरक असेल, एका चाकातून जळकट वास येत असेल किंवा त्या रिमवर काळी पूड जास्त साठत असेल, तर तिथला ब्रेक पकडून राहतोय. एकदम सपाट जागी न्यूट्रलमध्ये ढकलून बघितली तरी अंदाज येतो. आधी सहज सरकणारी गाडी आता अडखळत असेल तर ती खूण समजा.

कारणं ठरलेली आहेत. कॅलिपरच्या (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सरकत्या पिनांना गंज लागतो, पिस्टन आत परत जात नाही, हँडब्रेकची केबल अडकते किंवा जास्त ताणली जाते. ब्रेकचा रबरी पाइप आतून फुगला तर ब्रेक ऑइल पुढे जातं पण मागे येत नाही, आणि बाहेरून पाइप ठणठणीत दिसतो. गाडी बरेच दिवस पावसात उभी होती आणि त्यानंतर मायलेज पडलं, तर पहिला संशय इथेच घ्या. सतत घासणाऱ्या ब्रेकमध्ये ऑइल उकळू शकतं आणि मग पेडल दाबलं तरी ब्रेक लागत नाही. म्हणून चाक धुरावलं असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला बोलवा किंवा टो करून न्या.

इंजिन गरम होत नाहीये, हे तर चांगलंच ना?

नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच कारणाकडे होतं. इंजिन साधारण ८५ ते ९५ अंशांना चालावं अशी त्याची रचना असते. थंड असताना थर्मोस्टॅट बंद राहतो, कूलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) रेडिएटरकडे जात नाही आणि इंजिन लवकर तापतं. हाच थर्मोस्टॅट उघडा अडकला की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरतं आणि इंजिन नेहमीच्या तापमानाला पोचतच नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला वाटतं, अजून इंजिन थंड आहे. तो जास्त इंधन देत राहतो. गाडी छान चालते, धूर नाही, आवाज नाही, फक्त टाकी लवकर संपते.

लक्षणं अशी: तापमानाचा काटा मध्याच्या खाली राहतो, हायवेवर किंवा उतारावर आणखी खाली येतो, हीटरची हवा कोमट येते. काटा नसलेल्या गाड्यांत निळा दिवा खूप वेळ जळतो. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर लक्ष ठेवा. पाइप बराच वेळ गार राहून मग झटकन गरम झाला तर थर्मोस्टॅट ठीक. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला तर तो उघडा आहे. काही गाड्यांत थर्मोस्टॅट इंजिनात कूलंट शिरण्याच्या बाजूला असतो, तिथे ही खूण चालत नाही. पंख्यापासून हात दूर ठेवा आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका. स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र) याचा कोड बहुधा पी०१२८ असा येतो.

कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर खराब झाला तरी परिणाम तोच होतो. इंजिन खरं तर तापलेलं असतं, पण सेन्सर थंड असल्याचं सांगतो. म्हणून भाग बदलण्याआधी स्कॅनरवर प्रत्यक्ष तापमान बघायला सांगा.

मेकॅनिक म्हणतो ऑक्सिजन सेन्सर बदला. बदलू का?

आधी पुरावा मागा. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला ते हा सेन्सर सांगतो आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल आणि हवेचं प्रमाण राखतो. पेट्रोलसाठी ते वजनाने सुमारे १ ला १४.७ असतं. सेन्सर म्हातारा झाला, त्याचा हीटर गेला, तर मिश्रण बिघडतं आणि इंधन वाढतं, हे खरं आहे.

पण पुष्कळदा सेन्सर खरं बोलत असतो आणि दोष दुसरीकडे असतो. प्लग किंवा कॉइल कमजोर झाल्याने एक सिलिंडर मिसफायर करत असेल तर त्यातली न वापरलेली हवा तशीच बाहेर येते. सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, कॉम्प्युटर समजतो पेट्रोल कमी पडतंय आणि आणखी पेट्रोल ओततो. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल आणि बाहेरची हवा आत येत असेल, तरी हेच घडतं. अशा गाडीत नवा सेन्सर बसवला तर तोही जुन्यासारखंच सांगेल, आणि तुमचे पैसे गेले ते गेलेच.

चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. मग स्कॅन कशाला?

चिकटलेल्या ब्रेकला किंवा घसरणाऱ्या क्लचला दिवा लागत नाही, आणि सेन्सरचं सांगणं मर्यादेच्या आत राहून थोडं चुकत असेल तरी लागत नाही. स्कॅनरवर कोड नसले तरी चालू आकडे दिसतात. त्यात फ्युएल ट्रिम बघायला सांगा. कॉम्प्युटर ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवतोय किंवा कमी करतोय, ते हा आकडा सांगतो. अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असेल तर सहसा चिंता नसते. आकडा खूप उणे असेल तर कुठून तरी जादा इंधन येतंय: गळका इंजेक्टर, उघडा राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारी झडप) किंवा इंधनाचा वाढलेला दाब. खूप अधिक असेल तर हवा चोरवाटेने आत शिरतेय किंवा पंप कमजोर आहे.

एअर फिल्टर बदलला तर मायलेज परत येईल?

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत येऊ शकतं. इंजेक्शनच्या गाडीत आशा धरू नका. ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये मुद्दाम चोंदवलेले फिल्टर बसवून चाचण्या केल्या. आधुनिक गाड्यांत मायलेजवर लक्षात येण्यासारखा परिणाम झाला नाही, कमी झालं ते पिकअप. हवा कमी आली की कॉम्प्युटर इंधनही तेवढंच कमी देतो. फिल्टर इंजिनाच्या आरोग्यासाठी वेळेवर बदला.

सर्व्हिसिंग करून आणली आणि मायलेज पडलं. असं कसं?

तारीख जुळते आहे ना, मग बिल काढून काय काय केलं ते वाचा. ब्रेकचं काम झालं असेल तर वरची चाकांची तपासणी आजच करा. गाडीच्या कंपनीने सांगितलेल्यापेक्षा जाड ग्रेडचं ऑइल घातलं असेल तर १-२ टक्के तिथे जातात. बॅटरी काढली असेल तर कॉम्प्युटरने शिकलेले आकडे पुसले जातात आणि पुन्हा शिकायला थोडे दिवस लागतात, तेवढं थांबा. एअर फिल्टरचा डबा नीट बसला नसेल किंवा एखादा व्हॅक्यूम पाइप सुटा राहिला असेल, तर बॉनेट उघडल्यावर बहुधा दिसतो. त्याच गॅरेजमध्ये शांतपणे जाऊन, बिल दाखवून तपासून मागा. तो तुमचा हक्क आहे.

इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी तेवढी पळत नाही. याचा संबंध आहे का?

थेट संबंध आहे. वरच्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) चढतो आणि वेग चढत नसेल, तर क्लच घसरतोय. ऑटोमॅटिक गाडीत हायवेच्या ठरावीक वेगाला आरपीएम पूर्वीपेक्षा काहीशे जास्त दिसत असेल, तर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा भाग) लॉक होत नसावा किंवा वरचा गिअर पडत नसावा.

डिझेल गाडीत वेगळं काय बघायचं?

दोन गोष्टी. पहिली डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर. त्यात साठलेली काजळी जाळण्यासाठी गाडी अधूनमधून जादा डिझेल वापरते. त्या वेळी आयडलिंगचा आरपीएम थोडा चढलेला असतो आणि इंजिन बंद केल्यावरही पंखा फिरत राहतो. सतत छोट्या फेऱ्या असतील तर हे काम अर्धवट सुटतं, पुन्हा पुन्हा सुरू होतं आणि डिझेल जातं. एकदा मोकळ्या रस्त्यावर अर्धा तास सलग चालवून फरक पडतो का बघा. दुसरी टर्बोचा पाइप. तो फाटला किंवा क्लिपमधून निसटला की काळा धूर, शिट्टीसारखा आवाज आणि मेलेलं पिकअप, अशी तिन्ही लक्षणं एकत्र येतात.

सीएनजी गाडीत पेट्रोल जास्त संपू लागलं. का?

सीएनजी गाडी बहुधा पेट्रोलवर सुरू होते आणि कूलंट ठरावीक तापमानाला आलं की गॅसवर जाते. थर्मोस्टॅट उघडा अडकला तर ती उशिरा जाते. गॅसचं मायलेज काढताना भरलेले किलो धरा. सिलिंडरमध्ये दर वेळी गॅस सारखा बसत नाही, त्यामुळे "एका भरतीत किती चालली" ही तुलना फसवी ठरते.

गाडीजवळ पेट्रोलचा वास येतो. चालवली तर चालेल?

नाही. इंजिन बंद करा, जवळ काडी-सिगारेट नको, आणि मेकॅनिकला गाडी उभी आहे तिथे बोलवा. वास बाहेर येत नसेल तर इंजिन गार असताना डिपस्टिक काढून बघा. ऑइलची पातळी वाढलेली असेल आणि त्याला पेट्रोलचा वास असेल, तर इंधन सिलिंडरमधून खाली ऑइलमध्ये उतरतंय. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग वाचवू शकत नाही, म्हणून तशीच दामटू नका. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तरीही थांबा. तो मिसफायरचा इशारा असतो आणि न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो वितळवू शकतं.

मायलेज वाढवणारी औषधं, चुंबकं, उपकरणं घ्यावीत का?

घेऊ नका. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभरहून जास्त उपकरणं तपासली, त्यांतल्या एकानेही मायलेज लक्षणीय वाढवलं नाही. काहींनी तर इंजिनाचं नुकसान केलं असतं.

उतारावर न्यूट्रल केली तर इंधन वाचतं ना?

इंजेक्शनच्या गाडीत उलट होतं. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर बंद होतात आणि चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. शिवाय इंजिनाचा ब्रेक सुटतो, सगळा भार चाकांच्या ब्रेकवर येतो.

मेकॅनिककडे गेल्यावर नेमकं काय सांगू?

"गाडी ॲव्हरेज देत नाही" एवढंच सांगितलं तर समोरचा अंदाजाने प्लग, फिल्टर आणि सेन्सर बदलून देईल. त्याऐवजी तीन टाक्यांचा हिशोब दाखवा, केव्हापासून पडलं ते सांगा, त्याआधी गाडीवर कोणतं काम झालं ते सांगा, तापमानाचा काटा कुठे असतो आणि कोणतं चाक जास्त तापतं तेही सांगा. मग तीन कामं मागा: चारही चाकं जॅकवर उचलून हाताने फिरवून बघणं, इंजिन तापल्यावर स्कॅनरवर कूलंटचं तापमान आणि फ्युएल ट्रिम वाचणं, आणि इंधनाच्या पाइपांवर टॉर्च मारून बघणं. जो भाग बदलायचा म्हणतील त्याच्यासाठी कोणता आकडा किंवा कोणती खूण दिसली ते विचारा, आणि काढलेला जुना भाग परत मागून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुढच्या दोन-तीन टाक्या मोजा, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल.